युद्ध हवं का, असं विचारत फिरलेली कुंदा

कुंदा गेल्याचा फोन मला आला नाही. तो माझ्या मुलीला, मुक्ताला आला. मी स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. बाहेरच्या खोलीत मुक्ता फोनवर "कधी?" एवढंच म्हणाली. थोड्या वेळानं ती दारात येऊन उभी राहिली. "आई, कुंदामावशी गेली." तीस वर्षांची मैत्रीण गेल्याचं कळल्यावर माणसाच्या मनात पहिल्यांदा काय यावं? माझ्या मनात जे आलं ते लिहायची लाज वाटते. पण आता सहा आठवडे होऊन गेलेत, आणि लिहायचंच तर खरं लिहावं. माझ्या मनात आलं, फोन मला का नाही केला?

कुंदा वसईजवळच्या उमेळ्याची. केळी, पानवेली आणि सोनचाफ्याची वाडी असलेल्या घरातली सून. नवरा, दिलीप, वाडी बघायचा. ही बारावी शिकलेली, घरात पाय ठरत नाही म्हणून मुंबईतल्या एका सर्वेक्षण कंपनीचं काम करायची. खांद्याला कापडी पिशवी, हातात पुठ्ठ्याचं पॅड, त्याला चिमट्यानं लावलेले फॉर्म, आणि वसई ते विरार अशी कुठल्याही इमारतीची कुठलीही बेल वाजवायची तयारी. आम्ही नुकतेच विरारला फ्लॅट घेऊन राहायला आलो होतो. मी साताऱ्याकडची, संख्याशास्त्राची प्राध्यापिका, ओळखीचं कुणी नाही. एका शनिवारी बेल वाजली आणि ही दारात. दंतमंजनाचा सर्व्हे होता. मी तिला आत बोलावलं, फॉर्म हातात घेतला आणि प्राध्यापिकेच्या सवयीनं चुका काढू लागले. हा प्रश्नच चुकीचा आहे, यात उत्तर आधीच सुचवलंय, हे पर्याय एकमेकांवर चढताहेत... ती शांतपणे ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "मॅडम, प्रश्न मी करत नाही. मी फक्त विचारते. आता सांगा, दात कशानं घासता?" आतल्या खोलीत माझे यजमान, श्रीकांत, खो खो हसले. लग्नाला दहा वर्षं झाली होती, आणि माझ्या कुठल्याही बोलण्यावर ते असे हसल्याचं मला आठवत नव्हतं.

तेव्हापासून ती येत राहिली. कामावरून जाता जाता पाणी प्यायला, कधी वाडीतल्या केळ्यांची फणी द्यायला, कधी नुसतीच. श्रीकांतना ती भाऊ म्हणायची, मुक्ताला पोरी म्हणायची, आणि मला मात्र शेवटपर्यंत मॅडम. मी कितीदा सांगितलं, अगं नावानं हाक मार. "तोंडात बसत नाही हो," म्हणायची. ज्या घरात ती माझ्यामुळे आली, त्या घरात मीच तिची सगळ्यात लांबची होते की काय, असं मला वाटे. मुक्ता सुट्टीत उमेळ्याला जाऊन राहू लागली. कुंदा आपल्या सासूशी त्यांच्या घरच्या बोलीत बोलायची, मला त्यातलं निम्मंही कळायचं नाही. एका उन्हाळ्यात आठ दिवस राहून आलेली मुक्ता जेवताना सहज त्या बोलीत काहीतरी बोलली आणि कुंदानं तिच्या पाठीवर थाप मारली. दोघी हसल्या. मी "काय म्हणाली?" असं विचारलं. "काही नाही गं आई." त्या जेवणाची चव आजही माझ्या जिभेवर आहे, आणि ती कडू आहे.

मी कॉलेजात शिकवायचे की हजार माणसांना विचारलं तर कोटी माणसांचं मन कळू शकतं, फक्त ती हजार नीट निवडायला हवीत. कुंदा त्या हजारांच्या दारात उभी राहणारी. खरं तर आमची जोडी छान जमायला हवी होती, आणि जमलीही होती. पण माझ्याकडे पुस्तकं होती आणि तिच्याकडे माणसं. गोष्टी माणसांच्याच ऐकल्या जातात. नालासोपाऱ्याच्या चाळीत एका आजोबांनी सगळी उत्तरं स्वतःच्या कुत्र्याला विचारून दिली, कळंबच्या एका बाईनं "आदी पानी पी, मंग विचार" म्हणून तिला तासभर बसवलं आणि शेवटी एकही उत्तर दिलं नाही... ती बोलायला लागली की श्रीकांत पेपर बाजूला ठेवायचे, मुक्ता अभ्यास. मी भाजी परतत परतत ऐकायचे आणि मनात म्हणायचे, यातला एक तरी नमुना प्रातिनिधिक आहे का?

एक गोष्ट मात्र तिनं फक्त मला सांगितली होती. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या गॅलरीत बसून. दिलीप नारळाच्या झाडावरून पडला, कमरेचं हाड मोडलं, आणि ही पंधरा दिवस त्याच्या उशाशी दवाखान्यात. फॉर्म द्यायची तारीख जवळ आलेली. तेव्हा तिनं बारा फॉर्म तिथंच बसून, कुणाच्याही दारात न जाता, स्वतःच्या मनानं भरून टाकले होते. "फक्त तुम्हाला सांगते मॅडम. दिलीपलाही माहीत नाही." मी तिचा हात हातात घेतला. मला वाईट वाटायला हवं होतं. मला आनंद झाला होता. तिच्याकडची ही एक गोष्ट श्रीकांतची नव्हती, मुक्ताची नव्हती, फक्त माझी होती.

गेल्या वर्षी सीमेवर तणाव वाढला, त्या दिवसांत घराघरांत टीव्ही बंद होत नव्हता. एका वाहिनीनं जनमताचा कौल दाखवला, बहुतेक लोकांना युद्ध हवंय. दुसऱ्या वाहिनीनं तोच कौल आणखी मोठ्या अक्षरांत दाखवला. कुंदा आमच्याकडेच होती. सत्तरीकडे झुकली होती, काम सोडून काही वर्षं झाली होती. वाडीचा अर्धा भाग विकून तिथं इमारत उभी राहत होती आणि धुळीनं तिला खोकला असायचा. ती म्हणाली, "असा सर्व्हे मी केलाय. मागं एकदा असंच वातावरण होतं तेव्हा. शत्रूला धडा शिकवायला सैन्य पाठवावं का, हो की नाही. दोनच चौकटी."

"मग? लोक हो म्हणाले असतील तर ते हो आहे," मी म्हणाले. "आपल्याला आवडलं नाही म्हणून आकडा खोटा ठरत नाही. नमुना नीट निवडला असेल तर शितावरून भाताची परीक्षा होते."

कुंदानं टीव्हीकडे बघत सावकाश म्हटलं, "होते ना. पण भात शिजल्यावर. हे तर आधण आहे, मॅडम. आत्ता उकळतंय."

तीस वर्षं मी ती म्हण वर्गात वापरली. खडूनं फळ्यावर लिहिली. आणि ती म्हण इतकी साधी उलटवता येते हे मला एकदाही सुचलं नाही. मुक्तानं लगेच ते वाक्य फोनमध्ये टिपून घेतलं. ती एका साप्ताहिकासाठी लिहिते, आणि जनमत चाचण्या आणि युद्ध याच विषयावर तिचा मोठा लेख चालू होता. माझ्या त्या विषयातल्या तीस वर्षांतलं एकही वाक्य तिनं कधी टिपून घेतलं नव्हतं.

आमच्या संकुलात ज्येष्ठांचा वाचनकट्टा आहे. त्यांनी त्याच आठवड्यात माझं भाषण ठेवलं, "लोकांना युद्ध हवं आहे का?" चार दिवस मी तयारी केली. आलेख काढले, प्रश्नाची भाषा बदलली की उत्तर कसं बदलतं हे समजावून सांगितलं, फोनवरचा कौल आणि घरोघरचा कौल यांतला फरक सांगितला. पहिल्या रांगेतले दोघे पेंगत होते. शेवटाकडे येता येता माझ्या तोंडून ते गेलंच, "मंडळी, शितावरून भाताची परीक्षा भात शिजल्यावर होते, हे तर आधण आहे." टाळ्या पडल्या, भाषणातल्या पहिल्याच. कुंदा तिसऱ्या रांगेत बसली होती. तिनंही टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून. माझ्या वाक्याला नव्हे, आपल्या वाक्याला वाजवतेय हे तिच्या चेहऱ्यावर कुठंही दिसलं नाही. दिसलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मग मुक्ता उभी राहिली. "हा सर्व्हे प्रत्यक्ष केलेली एक व्यक्ती इथं आहे. मावशी, तू बोल ना." कुंदा नको नको म्हणत पुढं आली. माइक तिनं हातात घेतलाच नाही. म्हणाली, "मी काय बोलणार, मी विचारणारी. पण एक घर सांगते." विरारच्याच एका इमारतीतलं घर. मुलगा सैन्यात, सीमेवर. दारात सासू उभी, मागं सून. सासू म्हणाली, नाही, युद्ध नको. कुंदानं सुनेला विचारलं. सूनही म्हणाली, नाही. कुंदा जिना उतरू लागली तर सून मागं धावत आली. "ताई, माझं बदला. माझं हो लिहा. होऊन जाऊ दे एकदाचं. रोज फोन मांडीवर घेऊन बसते मी, वाजला तरी भीती, नाही वाजला तरी भीती. काय व्हायचं ते होऊन जाऊ दे."

"मी हो लिहिलं," कुंदा म्हणाली. "दुसरी चौकटच नव्हती. ते हो पुढं गेलं, दुसऱ्या हो मध्ये मिसळलं, टीव्हीवर आलं. लोकांना युद्ध हवंय. तिला युद्ध नको होतं हो. तिला झोप हवी होती."

मग टाळ्या... माझ्या टाळ्यांसारख्या नव्हेत. पहिल्या रांगेतले पेंगणारे दोघे उठून तिच्याकडे गेले. एका बाईंनी तिचे हात धरले. मुक्ताच्या डोळ्यांत पाणी होतं. मी माझे आलेख गुंडाळत होते, आणि ते गुंडाळायला मला कुणी मदत करत नव्हतं.

नंतर चहा होता. कुंदाभोवती माणसं, मुक्ता तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी. कुणीतरी म्हणालं, "मॅडम, तुमची मैत्रीण म्हणजे खाणच आहे." आणि मी हसत हसत, अगदी चेष्टेच्या सुरात बोलले. "हो ना. कुंदा, ते बारा फॉर्म सांगितलेस का यांना? दवाखान्यात बसून भरलेले?"

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नव्हे. दार उघडल्यावर ओळखीचं माणूस दिसावं आणि त्यानं दार लावून घ्यावं, तसं काहीतरी तिच्या डोळ्यांत झालं. कुणीतरी विचारलं, म्हणजे काय? तेव्हा कुंदानं चहाचा कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. दिलीपचं पडणं, तारीख, बारा फॉर्म. "पकडली गेले," ती म्हणाली. हे तिनं मलाही सांगितलं नव्हतं. "म्हातारा सुपरवायझर होता. तो म्हणाला, बाई, तुझ्या बाराच्या बारा माणसांना प्रत्येक गोष्टीवर मत आहे. एकही जण 'सांगता येत नाही' म्हणाला नाही. अशी माणसं नसतात. मी रडले. त्यानं ठेवून घेतलं मला कामावर. पण बारा मी भरले होते, हे खरं आहे."

लोक आणखीच भारावले. तिच्यावर टाकलेला दगडसुद्धा तिच्या हातात फूल होतो, असं मला त्या वेळी वाटलं आणि माझी आतून आग आग झाली. पण दगड लागायचा तिथं लागला होता. मुक्तानं तिच्या लेखात कुंदाची हकीकत घेतली होती. प्रामाणिकपणे त्या बारा फॉर्मचंही लिहिलं. संपादकांनी सांगितलं, मग या बाईंच्या साक्षीवर विश्वास कसा ठेवायचा, तो भाग काढा. कुंदाचा भाग निघाला. त्या सुनेची गोष्ट छापली गेली नाही, आधण आणि भात छापलं गेलं नाही. मुक्तानं उमेळ्याला जाऊन कुंदाला सांगितलं तेव्हा ती म्हणे एवढंच म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं." घरी आल्यावर मुक्ता मला म्हणाली, "आई, तू ते का बोललीस?" मी म्हणाले, सहज. "सहज नव्हतं," ती म्हणाली, आणि त्यानंतर कित्येक दिवस आमच्यात कामापुरतंच बोलणं राहिलं.

कुंदा आमच्याकडे यायची थांबली. भांडण नाही, काही नाही. फोन केला तर बोलायची, पावसाचं, खोकल्याचं, वाडीतल्या इमारतीचं. मी मनात म्हणत असे, बरंच झालं. आणि संध्याकाळी बेल वाजली की आधी तिचंच नाव मनात यायचं. हिवाळ्यात कळलं की तो खोकला धुळीचा नव्हता. फुप्फुसात गाठ होती, आणि उशीर झाला होता.

मी गेले. एकटीच गेले, मुक्ताला न सांगता. उमेळ्याला रिक्षा वाडीपर्यंत जात नाही, शेवटचं थोडं अंतर चालावं लागतं. एका बाजूला केळी, दुसऱ्या बाजूला इमारतीचे निळे पत्रे. चालता चालता मी वाक्य जुळवत होते. कुंदा, माझं चुकलं. एवढंच म्हणायचं होतं, चार शब्दही नाहीत. ती खिडकीजवळच्या खाटेवर उशीला टेकून बसली होती, खूप वाळली होती. मला बघून म्हणाली, "या मॅडम, भांडायला या." आणि मी खरंच भांडायला बसले! माफी राहिली बाजूला. मी म्हणाले, तुझी ती सून एक. एका माणसावरून तू सगळा कौल उलटा करू बघतेस. ज्यांना खरंच युद्ध हवं होतं त्यांचं काय?

कुंदा हसली, हसताना खोकली, मी पाण्याचा पेला तिच्या ओठाला लावला. मग दम घेत घेत ती म्हणाली, "तुमचंच खरं आहे. लोक हो म्हणत होते. चिडून म्हणत होते, हसत म्हणत होते, पोरांना कडेवर घेऊन म्हणत होते. त्या सुनेसारखी एखादीच. बाकीच्यांना हवंच होतं हो, तेव्हा तरी हवं होतं. मला घरी आल्यावर जेवण जायचं नाही. पण त्या दिवशी हॉलमध्ये मी ते सांगितलं नाही. एकच घर सांगितलं." तिनं उशी पाठीशी सावरली. "सगळे माझ्याकडे बघत होते ना. कुणाला आवडत नाही?"

मी जिंकले होते, आणि जिंकल्यावर हातात काय घ्यायचं ते मला कळत नव्हतं.

"मला वाटलं तुम्ही विचाराल," ती म्हणाली. "बाकीची घरं काय म्हणाली, कुंदा? एवढं विचारलं असतंत तर मी तिथंच सांगितलं असतं. तिथं एवढी माणसं होती, पण तो प्रश्न फक्त तुम्हालाच सुचू शकत होता. मी वाट बघत होते. आणि तुम्ही भलतंच विचारलंत."

खिडकीबाहेर दिलीप चाफ्याला पाणी घालत होता. मी बराच वेळ बसले. तिचे पाय चेपले. इतर काय काय बोललो, मुक्ताचं, श्रीकांतच्या गुडघ्यांचं. निघताना मी म्हणाले, "येते पुन्हा." ती म्हणाली, "या." जे म्हणायला गेले होते ते मी म्हटलं नाही, आणि पुन्हा जाणं झालं नाही. तीन आठवड्यांत मुक्ताला तो फोन आला.

बाराव्याला उमेळ्याला गेलो तेव्हा मला वाटलं होतं घरची माणसं असतील, शेजारपाजार असेल. घराची पुढची ओटी माणसांनी भरून गेली होती. पायऱ्यांवर, अंगणात, चाफ्याखाली माणसं बसली होती. आणि त्यातली निम्मी तिच्या नात्यातली नव्हती. कधीतरी तिनं ज्यांची बेल वाजवली होती ती माणसं. नालासोपाऱ्याचा एक टेलर सांगत होता, माझ्याकडे तर दर दिवाळीला यायच्या. एक नर्स म्हणाली, माझं लग्न त्यांनीच जमवलं. एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, आमच्या घरातलीच होती ती. प्रत्येकाला वाटत होतं कुंदा सगळ्यात जास्त आपली. मी खांबाला टेकून ऐकत होते, आणि सांगायला हवं म्हणून सांगते, त्या दुःखाच्या जागीसुद्धा मला त्या सगळ्यांचा हेवा वाटत होता. त्यांच्याजवळ तिच्या नुसत्या गोड गोष्टी होत्या.

कळंबहून आलेल्या एक वयस्क बाई बाकावर बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून मला विचारलं, "तुमी कोन तिच्या?"

मैत्रीण म्हणायला तोंड उघडलं आणि ते म्हणवेना. "मी तिच्याशी भांडायचे," मी म्हणाले. "तीस वर्षं."

बाई हसल्या नाहीत. सरकून त्यांनी बाकावर जागा केली. "मंग तुमाला जास्ती ठावं असंल. कशी होती ती?"

मी बसले. आजूबाजूची माणसं बोलायची थांबली होती. मुक्ता आतून चहाचा ट्रे घेऊन येत होती. "ती माझ्यापेक्षा हुशार होती," मी म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला. "आणि मला ते सहन होत नव्हतं. एकदा मी तिचं फार वाईट केलं."

मुक्ता उंबऱ्यातच थांबली. मग पुढं आली, ट्रे खाली ठेवला, आणि सगळ्यांना चहा द्यायचा सोडून माझ्या पायाशी ओटीवर बसली.

त्या बाई पदर सावरून माझ्याकडे नीट वळून बसल्या. "मंग?" त्या म्हणाल्या.

मी सांगू लागले.